कलमाचा शेंडा

“नऊ की दहा, तेवढंच सांगा आक्का. की तेही सांगता येत नाही?”

आमच्या मठात आक्कांशी असं कुणी बोलत नाही. पण हेमांगी तळवडेकर पुण्याच्या प्रयोगशाळेत बायकांच्या रक्तातली जनुकं वाचते. पाळी कधी सुरू होते, कधी जाते, त्याचा माग काढते. आता हिला कोण शिकवणार? तरी आली होती खरी, साडेआठ वर्षांच्या लेकीला, रेवाला, घेऊन.

आक्का ऐंशीच्या घरातल्या. पूजेपेक्षा आंब्याच्या कलमांत जास्त रमतात. मी शेजारीच सुपात तांदूळ निवडत होते, म्हणून सगळं ऐकलं. ऐकायचं नव्हतं, असं मात्र म्हणणार नाही.

हेमांगीच्या आजीला नवव्या वर्षी पाळी आली होती. आईला नवव्या, आणि तिला स्वतःलाही नवव्याच. आता ती रोज सकाळी रेवाला भिंतीशी उभी करून उंची मोजते. बोटभर वाढली दिसली की पुन्हा मोजते. डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक सांगितलंय, पण झोप लागत नाही ती नाहीच.

“तुझी विद्या काय म्हणते?” आक्कांनी विचारलं.

“निम्मं रक्तातून येतं. उरलेलं खाण्यापिण्यातून, अंगाच्या वाढीतून. नेमका दिवस कुणालाच सांगता येत नाही.”

“मग मला गो कशाला विचारतेस?”

“भीती वाटते, आक्का…”

पिशवीतलं गुडघ्याएवढं एक कलम आक्कांनी पुढ्यात ओढलं. पोरवयातच मोहोरलेलं.

“काडी ऐंशी वर्षांच्या झाडाची. मूळ दीड वर्षाचं. याचं वय किती?”

“मोहोरापुरतं ऐंशी,” हेमांगी लगेच म्हणाली. उत्तर येत होतं, म्हणून घटकाभर तिचा चेहराही उजळला.

“शाबास.” आक्कांनी मोहोर खुडून टाकला.

हेमांगी दचकली. आम्हाला यात नवल नाही. पहिली दोन-तीन वर्षं कलमाचा मोहोर खुडायचाच असतो. काडी आपल्या वेळेला फुलते, तिला कोण अडवणार? पण झाडाची वाढ चालू राहिली पाहिजे.

“तुला पाळी आली, त्या दिवशी काय झालं?” आक्कांनी विचारलं.

हेमांगीनं खाली पाहिलं. एवढी बोलकी बाई, पण मान वर होईना.

“आजीनं माझा झोपाळा काढला. म्हणाली, आता मोठी झालीस, खेळ पुरे… मी चौथीत होते.”

अंगणात गावातली पोरं डबा ऐसपैस खेळत होती. रेवा पायरीवर बसली होती, गुडघे जुळवून, फ्रॉक खाली ओढून. पोरं दोनदा बोलवायला आली. दोन्ही वेळा तिनं आधी आईकडं पाहिलं आणि मग नको म्हणाली.

“ती का नाही खेळत?” आक्कांनी विचारलं.

हेमांगीनं आवाज उतरवला. दोन महिन्यांपूर्वी तिनं रेवाचं पोहणं बंद केलं होतं. मल्लखांबही. न जाणो, चारचौघांत काही झालं, पोरं हसली, तर? रेवा आधी रडली, मग रडायची थांबली. आता कुठं जाऊ का म्हणून विचारतसुद्धा नाही.

“मी फक्त तिला जपतेय,” ती म्हणाली.

आक्कांनी दुसरं कलम तिच्यासमोर ठेवलं. मोहोराचा पत्ता नाही. टोकाला नुकती फुटलेली चार तांबूस पानं.

“याचा शेंडा खुड.”

हेमांगीनं हात पुढं केला. बोटं पानांना लागली… आणि थांबली.

“आक्का, याला अजून मोहोर कुठंय? शेंडाच खुडला तर हे वाढणार कसं?”

आक्कांनी पायरीकडं पाहिलं.

“घरी तुझा हात नाही गो थांबला.”