द्या समजून

पाखरं एकमेकांकडून घरं करवून घेत, त्या काळातली ही गोष्ट. रानातल्या बहुतेक ढोल्या एकाच सुतारपक्ष्याने कोरलेल्या होत्या. पण तो शेजारच्या फांदीवर येऊन बसला, की ढोल्यांतली सगळी तोंडं आत जात. कोणी हाक मारील म्हणून तो वाट बघे आणि एकटाच परत जाई.

एकदा साळुंकीची ढोली वादळात मोडली. आता तरी ती आपल्याकडे येईल असं त्याला वाटलं. पण ती दगडाच्या कपारीत काड्या भरताना दिसली.

न राहवून त्याने विचारलं, "साळूताई, माझ्या कामात काही खोट होती का?"

"छे हो, दादा! तेव्हा मी विचारलं, किती किडे देऊ? तुम्ही म्हणालात, तुमच्याकडून काय घ्यायचं, द्या समजून. दोन द्यायची लाज वाटली आणि दहा जमले नाहीत. तेव्हापासून तुमच्यापासून तोंड लपवतेय. सगळ्यांचं तेच झालंय."

सुतार कसाबसा म्हणाला, "पाच."

साळुंकीने तिथल्या तिथे पाच किडे टिपून त्याच्यापुढे ठेवले आणि ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

"आता बोला, नव्या ढोलीचे किती?"