साखर घातलेली रिकामी पाकिटं

एकदा एक चिवडेवाला फार मोठा झाला आणि त्यापायी फार दमला. पूर्वी तो सायकलवरून घरोघरी डबे पोचवायचा. आता त्याची पाकिटं चौदा राज्यांत जात होती. कंपनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्याने सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना खोकाभर चिवडा पाठवला. एक खोका वृद्ध गुरुजींकडेही आला.

गुरुजींनी आणि त्यांच्या शिष्याने तो महिनाभर खाल्ला. मग गुरुजी म्हणाले, "पाकिटं धू."

"कशाला?"

"परत करायची आहेत."

शिष्याने चाळीस पाकिटं धुऊन दोरीवर वाळत घातली. गुरुजींनी प्रत्येकात चमचाभर साखर टाकली आणि खोका कंपनीच्या पत्त्यावर रवाना केला.

शेजारणींनी दोरी, साखर आणि खोक्यावरचा पत्ता पाहिला. त्यांना वाटलं, काहीतरी व्रत असेल. पंधरा दिवसांत अख्ख्या तालुक्यातून कंपनीत साखर घातलेली पाकिटं येऊ लागली. पाठोपाठ मुंग्या आल्या. कारखाना दोन दिवस बंद ठेवावा लागला.

तिसऱ्या दिवशी चिवडेवाला स्वतः आला आणि ओट्यावर बसला. चिडायचंही त्राण त्याच्यात नव्हतं.

"गुरुजी, मी तुमचं काय वाकडं केलं?"

"काही नाही. आलेला डबा रिकामा परत करू नये, म्हणून साखर घातली."

"तो डबा नाही हो, पाकीट आहे. ते फेकायचं असतं."

"तिथेच तर घोळ आहे, शेठ."

"आधीच डोकं ठिकाणावर नाही माझं. ज्या चिवड्यावर घर उभं राहिलं, तोच खपेनासा झालाय. सोमवारी बंद करतोय. का खपत नाही, कोणी सांगत नाही. एवढी मोठी पाहणी करून घेतली. शंभरातले अठ्ठ्याण्णव जण समाधानी निघाले."

"उरलेले दोघे आम्ही," शिष्य म्हणाला.

गुरुजींनी पाय लांब केले. "तू डबा द्यायचास आणि चार दिवसांनी तो न्यायला यायचास. बायका डब्यात साखर घालून द्यायच्या आणि दारातच सांगायच्या, मिरची जास्त झाली, खोबरं करपलंय. हातात साखर असायची, म्हणून तूही ऐकून घ्यायचास. पाकिटं आली आणि तुझी परतीची खेप वाचली. सांगायचं तर दारात कोणी नाही. मग लोक गप्प बसले आणि दुसऱ्याचा चिवडा आणू लागले."

चिवडेवाला शिष्याकडे वळून म्हणाला, "काय बिघडलंय त्यात?"

"दाणे खवट लागतात. बरीच वर्षं झाली."

"मग महिनाभर खाल्लात कसा?"

"फुकट होता."

सोमवारी चिवडा बंद झाला नाही. चिवडेवाल्याने घरी बसून दाणे निवडले, फोडणी घातली आणि स्टीलचा डबा गुरुजींच्या दारात आणून दिला. चार दिवसांनी तो न्यायला आला. शिष्याने साखर घालून डबा त्याच्या हातात ठेवला.

"दाणे चांगले आहेत. मीठ जास्त झालंय."

चिवडेवाल्याने झाकण उघडून चिमूटभर साखर तोंडात टाकली. मग चप्पल काढून ओट्यावर टेकला.

"आणखी?" त्याने विचारलं.