पुन्हा बोला

“अकरा हजार घरांना काय हवंय ते मी सांगू शकतो. मग एका माणसाला काय हवंय, ते मला का कळू नये?”

पाहुणा अजून नीट टेकलाही नव्हता. बूट काढता काढताच त्यानं विचारलं.

सोमगिरी बुवा सूप पुढ्यात घेऊन शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठल्या एका माणसाला?”

“माझ्या वडिलांना. चार महिने झाले, तोंडातून शब्द नाही.”

आमची मठी हिवरटेकावर. जिल्हा परिषदेतून रिटायर झालो, मागं कुणी राहिलं नाही, तेव्हापासून मी इथंच असतो. पाणी, चूल, झाडलोट माझ्याकडे. गाडीवाले पाहुणे आले की माझं डोकं उठतं, हे आधीच सांगून टाकतो. एक तर घाई, आणि वर उत्तर बांधून न्यायला हवं असतं.

हा पराग खटावकर. पंचेचाळिशीचा, पुण्याचा, मोठ्या हुद्द्यावरचा.

“घसा तपासला, मेंदूचा फोटो काढला,” तो म्हणाला. “सगळं ठीक. डॉक्टर म्हणतात, बोलू शकतात, पण बोलत नाहीत. आता मला सांगा बुवा, मी काही कमी केलंय का? काय हवंय ते त्यांनी सांगावं, मी आणून देतो. एकदा सांगावं फक्त.”

“तू काय करतोस?”

“टीव्हीला जोडायचा डबा असतो ना... सिनेमे, मालिका, मॅच, सगळं त्यातून येतं. तो आमची कंपनी बनवते. लोकांना त्या डब्याकडून काय हवंय, ते शोधणं माझं खातं.”

“काय हवंय?”

त्याचा चेहरा खुलला. वडिलांबद्दल बोलताना इतका वेळ खुलला नव्हता, हे मी पाहिलं.

“पहिलं म्हणजे, शोधावं लागू नये. काल जिथं सोडलं तिथून सुरू व्हावं. एक संपलं की दुसरं आपोआप लागावं. मधे थांबणं लोकांना सहनच होत नाही. पडद्यावर तीन सेकंद ते गोल गोल फिरताना दिसलं की माणूस चिडतो. आम्ही मोजलंय.”

“उठावंही लागत नसेल.”

“अजिबात नाही!”

बुवांचा तिरकसपणा त्याच्या डोक्यावरून गेला.

“आणि हे सगळं लोकांनी सांगितलं तुला?”

“छे हो! लोक सांगतात एक आणि बघतात भलतंच. विचारलं तर म्हणतात, काही ज्ञानाचं दाखवा, कीर्तन दाखवा. आणि बसतात सासू-सुनांची भांडणं बघत. म्हणून आम्ही विचारणंच सोडून दिलं. अकरा हजार घरांत कुठलं बटण दाबतात तेवढं बघतो.”

“विचारणंच सोडून दिलं...”

बुवांनी एक शेंग फोडली. दाणा किडका निघाला. तो त्यांनी अंगणात फेकला.

“वडील काय करायचे?”

“एसटीत होते. मनमाडच्या स्टँडवर. गाड्या पुकारायचे, एकतीस वर्षं. नांदगाव-चाळीसगाव गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे... झालं, की लगेच परत तेच. प्रत्येक गाडी दोनदा. ते म्हणायचे, पहिल्यांदा लोकांचा कान वळतो, दुसऱ्यांदा ऐकू येतं.”

“खरं आहे.”

“स्टँडवर असेल हो खरं. पण घरी? ‘पराग, छत्री घे. पराग, छत्री घे.’ ‘आमटीत मीठ कमी आहे. आमटीत मीठ कमी आहे.’ आई होती तोवर चाललं, तिला सवय होती. माझ्या बायकोला कशी असणार? मुलगी तर तोंडावर हसायची. शेवटी मी स्पष्ट बोललो. म्हटलं, बाबा, एकदा सांगितलेलं कळतं आम्हाला. बहिरे नाही आहोत.”

“मग?”

“मग एकदाच सांगायला लागले. सुधारले.”

सुधारले म्हणे! हातातली कळशी मी मुद्दाम आपटून ठेवली. नोकरीत असताना त्या स्टँडवर मी कितीदा गाडी बदललीये. तो आवाज मी नक्की ऐकला असणार. दोन्ही वेळा.

“आम्ही दोघं नोकरीवर, मुलगी कॉलेजात,” पराग सांगत होता. “दिवसभर एकटे. जीव रमावा म्हणून दिवाणखान्यात आमचाच नवा डबा बसवला. रिमोटमध्ये माइक आहे. बटण दाबायचं आणि काय बघायचंय ते बोलायचं. डबा चाचणीचा होता, त्यामुळे कोण काय बोललं त्याची यादी रोज माझ्याकडे यायची. आणि बुवा, काय सांगू तुम्हाला... बाबा त्या डब्याशी वाट्टेल ते बोलायचे. हे बघा.”

त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि वाचायला लागला. हसत होता वाचताना.

“‘चहा झाला का.’ डब्यानं चहाच्या मळ्यांची फिल्म लावली. ‘आज गुडघा बरा आहे.’ योगासनं लावली. ‘खाली नवीन वॉचमन आलाय, भुसावळकडचा आहे.’ ह्याचं काहीच सापडलं नाही. ‘परागची आई असती तर.’ नाही सापडलं. ‘पराग जेवला असेल का.’ नाही सापडलं.”

“सापडलं नाही की डबा काय करतो?”

“बाईच्या आवाजात सांगतो. समजलं नाही, पुन्हा बोला.”

बुवांचा हात शेंगेवरच थांबला.

“आणि वडील?”

“बोलायचे की! तेच्या तेच. डबा म्हणायचा पुन्हा बोला, हे पुन्हा बोलायचे. डबा परत म्हणायचा. एका दिवसात अडतीस वेळा! मला लाजच वाटली. माझ्या घरात माझाच डबा नापास? सहा आठवडे टीमला घेऊन बसलो. आता आमचा डबा ‘पुन्हा बोला’ म्हणतच नाही. पहिल्या फटक्यात काही ना काही लावतो. अर्धं वाक्यसुद्धा पुरतं. बाबांनी ‘पराग जे’ एवढं म्हटलं की पडद्यावर जेवणाचा कार्यक्रम सुरू!”

“हे कधी केलंस?”

“झाले की आता चार महि...”

...

वाक्य तिथंच राहिलं. मला वाटलं, कळलं एकदाचं याला. कसलं कळतंय! त्यानं मान झटकली.

“योगायोग असेल. डब्याचा काय संबंध? माझा प्रश्न साधा आहे. त्यांना काय हवंय?”

बुवांनी सूप बाजूला सारलं.

“नीट ऐकू आलं नाही मला. पुन्हा सांग.”

बुवांचे कान कसे आहेत ते मला विचारा. मी चुलीपाशी पुटपुटलेलं त्यांना अंगणात ऐकू जातं आणि मग मला बोलणी खावी लागतात. पण मी चुलीकडे वळलो.

“कुठून सांगू?”

“पहिल्यापासून.”

त्यानं सांगितलं. घसा, डॉक्टर, स्टँड, डबा. या खेपेला वॉचमन गळला आणि गुडघाही गळला.

“समजलं नाही,” बुवा म्हणाले. “पुन्हा सांग.”

पराग माझ्याकडे बघायला लागला. मी चुलीतली राख ओढत होतो.

“माझे वडील बोलत नाहीत. घरात सगळं आहे, तरी बोलत नाहीत.”

“पुन्हा.”

“वडील बोलत नाहीत!”

“पुन्हा सांग.”

“अहो, कितीदा तेच तेच सांगू? एकदा सांगितलेलं कळत नाही का तुम्हाला?”

असा ओरडला की अंगणातलं कुत्रं उठून लांब जाऊन बसलं.

...

“राग आला?” बुवांनी विचारलं.

“येणारच. मी एवढं जिवापासून सांगतोय आणि तुम्ही ऐकतच नाही.”

“मी तर पुन्हा सांग म्हणत होतो.”

परागनं मान खाली घातली. त्याचे डोळे भरले होते, आणि खोटं कशाला सांगू, मला जरा बरं वाटलं. माणूस आहे म्हटलं आत कुठेतरी.

पण मग त्यानं डोळे पुसले आणि फोन लावला.

“ऐक. तो जुना मेसेज आहे ना, पुन्हा बोला... तो परत घाल. नाही नाही, सगळीकडे नाही, फक्त आमच्या घरच्या डब्यात. आजच्या आज. ते काहीही बोलले तरी डब्यानं एवढंच म्हणायचं. हो, कळलं तरी.”

फोन ठेवला आणि मोकळा श्वास सोडला.

“झालं काम! संध्याकाळपर्यंत बसेल. बुवा, तुमचे उपकार फार झाले.”

मी कपाळाला हात लावला. एवढं सगळं ऐकून या गड्यानं काम लावलं ते परत डब्यालाच!

बुवांनी परागकडे बघितलं. रागावले असते तरी मला चाललं असतं. पण त्यांच्या तोंडावर राग नव्हता, थकवा होता.

“वडील आत्ता कुठं आहेत?”

“खाली. गाडीत.”

“सोबत आणलंस?”

“हा चढ त्यांना झेपला नसता. एसी चालू ठेवलाय. कंटाळू नये म्हणून मोबाईल दिलाय हातात, काहीतरी लावून दिलंय त्यावर.”

“किती वेळ झाला?”

त्यानं घड्याळ बघितलं. “तास... सव्वा तास.”

बुवा उठले. गुडघ्यावर हात देऊन उठावं लागतं त्यांना हल्ली. मी काठी पुढं केली, ती त्यांनी घेतली नाही.

“तू इथंच थांब,” परागला म्हणाले, आणि अनवाणी उतरायला लागले.

टेकाच्या कडेवरून खालचं सगळं दिसतं. चिंचेखाली पांढरी गाडी उभी होती. बुवांनी दार उघडलं आणि मागच्या सीटवर म्हाताऱ्याशेजारी बसले. दार उघडंच ठेवलं. म्हाताऱ्याच्या हातातला मोबाईल हळूच काढून घेतला आणि सीटवर पालथा ठेवला.

दोन म्हातारे समोर बघत बसले होते.

मग बुवांनी कानाशी हात नेला.

म्हाताऱ्याचे ओठ हलले.

“बोलतायत!” परागनं माझा दंड धरला. “काका, बघा, बोलतायत बाबा!”

बुवांनी पुन्हा कानाशी हात नेला. म्हातारा पुन्हा बोलला. या खेपेला मान हलवून, जरा जोर लावून. मग थांबायचं नावच घेईना. हात वर करून लांब कुठंतरी दाखवत होता, बोटं मोजत होता, मधेच एकदा हसलासुद्धा. बुवा थोड्या थोड्या वेळानं कानाशी हात नेत होते आणि तो दर वेळी पहिल्यापासून सांगत होता. वरपर्यंत एक अक्षर पोचत नव्हतं. चार महिन्यांचं साठलेलं बोलणं ते.

“काय सांगतायत?” पराग मला विचारत होता. “काय सांगतायत हो ते?”

मला काय माहीत?

थांब म्हणून सांगितलं होतं, तरी तो थांबला नाही. तसाच पायात काही न घालता उतारावर पळत सुटला. एकदा घसरला, हात खरचटला, उठून परत पळाला. मीही मागोमाग गेलो. तो दारापाशी पोचला तेव्हा म्हाताऱ्याचं वाक्य अर्ध्यावर होतं. परागला बघितलं आणि त्यानं तोंड मिटलं.

“बाबा! काय म्हणत होतात? बोला ना. बाबा, ऐकतोय मी. पुन्हा बोला.”

...

“बाबा, पुन्हा बोला ना.”

वडिलांनी त्याच्याकडे बघितलं. राग नव्हता त्या नजरेत. चौकशीची खिडकी बंद केल्यावर कुणी आलं तर बघतात, तेवढंच बघितलं. मग सीटवरचा मोबाईल उचलला, सुलटा केला आणि त्यात डोळे घातले.

बुवा गाडीतून उतरले होते. परागनं त्यांना वाटेतच गाठलं.

“तुमच्याशी बोलले ना? मी वरून पाहिलंय. बोलले ना?”

“बोलले.”

“माझं नाव निघालं?”

“पुष्कळदा.”

“मग सांगा ना बुवा! पाया पडतो तुमच्या. त्यांना माझ्याशी काही बोलायचंय का? काय म्हणाले?”

बुवांनी त्याच्या खरचटलेल्या हाताकडे बघितलं. मग गाडीकडे.

“म्हणाले, मुलाला एकदा सांगून झालंय.”