महाराजांचे दुखरे पाय

त्या राज्यात कुणी कुणाला "कसा आहेस?" असे विचारीत नसे. ज्याला जाणून घ्यायचे असेल तो तळ्यावर जाऊन पाहून येई.

प्रत्येक प्राण्याच्या पुढच्या पायाला पट्ट्याने एक काजवा बांधलेला असे. काजवा आपला हिरवा उजेड कातडीवर टाकून नाडी ऐके, चालणे किती झाले आणि झोप किती झाली ते ध्यानात ठेवी, आणि लुकलुकून साळुंकीला सांगे. साळुंकी संध्याकाळी तळ्याच्या काठी बसून ते गाऊन दाखवी. गाणे ऐकून तळ्यातली त्या प्राण्याच्या नावाची कमळे उमलत. ती वर्तुळात लावलेली असत. वर्तुळ पुरे उमलले की प्राणी ठणठणीत, असे सगळ्यांनी मान्य केले होते. एकदा एका सशाला सणकून ताप भरला. शेजाऱ्यांनी त्याला तळ्यावर नेले, त्याची टवटवीत कमळे दाखवली आणि उगाच कण्हत पडल्याबद्दल चार शब्द सुनावले. ससा ओशाळला आणि ताप घेऊन घरी गेला.

तळ्याच्या मधोमध राजाचे वर्तुळ होते. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत ते मिटलेलेच राहिले, तर राजाने गादी सोडावी आणि ज्याच्या नाडीने ते उमलेल त्याने ती घ्यावी, असा कायदा होता. कायदा गादीवरच्या खड्गसेन महाराजांनीच केला होता. महाराज जातीने गेंडा. त्यांच्या आधी गादीवर त्यांचे काका होते. काका मनाने चांगले होते, पण एकदा चिखलात बसले की उठत नसत. खड्गसेन तेव्हा तरुण होते, पहाटे टेकडीला फेरी मारून येत आणि घामाने निथळत दरबारात उभे राहत. काकांना घालवायला त्यांना फार कष्ट पडले नाहीत.

गादीवर बसल्यावर मात्र खड्गसेनांना कळले की चिखल खरोखरच सुखाचा असतो. राज्यकारभार बसून करायचा असतो आणि बसायला चिखलासारखी जागा नाही. पहाटेची फेरी आधी उन्हे आल्यावर निघू लागली, मग एक दिवसाआड, मग सणासुदीला. दरबाराच्या पायऱ्या चढताना त्यांना मध्ये थांबावे लागे. थांबले की ते गंभीर चेहऱ्याने क्षितिजाकडे पाहत, म्हणजे लोकांना वाटावे महाराज विचार करताहेत. राणीसाहेबांना तेवढे कळत होते. रोज रात्री त्यांच्या घोरण्यात मध्येच श्वास अडकला की त्या जाग्या होत आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत कान देऊन पडून राहत.

तळ्यातले मधले वर्तुळ अर्धेच उमलू लागले तेव्हा बगळेपंत पुढे झाले. बगळेपंत हे राज्याचे प्रधान. त्यांची बसायची जागा महाराजांच्या पाठीवर होती. तिथून ते गोचिड्याही टिपत आणि सल्लाही देत.

"महाराज, चालणं आपलंच असायला हवं असं कायद्यात कुठं आहे?" ते म्हणाले. "काजवा आपला असला म्हणजे झालं."

राजवाड्याची भिंत तेव्हा बांधून होत होती आणि पिराजी नावाचे एक गाढव नदीवरून वाळू वाहत होते. महाराजांच्या पायाचा काजवा सोडून त्याच्या पायाला बांधला गेला. पिराजीला वाटले, काहीतरी सरकारी काम असेल. बदल्यात त्याला रोज ओंजळभर कोंडा जास्त मिळू लागला, त्यामुळे त्याने पुढे विचार केला नाही.

कमळे अशी उमलली की पाहत राहावे. साळुंकी राजवाड्याच्या खिडकीत बसून पिराजीच्या पायाचे लुकलुकणे बघे आणि संध्याकाळी महाराजांच्या नावाने गाई. दरबार धन्य धन्य झाला. एवढ्या व्यापातून महाराज एवढे चालतात तरी कधी, असे लोक एकमेकांना विचारीत आणि उत्तर न मिळाल्यामुळे आदर आणखी वाढे. पहिले काही दिवस महाराज ओशाळे हसले. मग हसायचे थांबले. आणि एका संध्याकाळी पूर्ण उमललेल्या वर्तुळाकडे बघत त्यांनी पाय लांब केले आणि सेवकाला म्हणाले, "आज जरा जास्तच झालं. पाय दाबून दे."

ते खोटे बोलत नव्हते. त्यांचे पाय खरोखर दुखत होते.

असे छान चालले होते, आणि मग एका पौर्णिमेनंतर मधली कमळे मिटली ती उघडेचनात. झाले होते एवढेच की अलीकडच्या काठाची वाळू संपली होती आणि पिराजी टेकडीच्या पलीकडे जाऊ लागला होता. खिडकीतल्या साळुंकीला त्याचा काजवा दिसत नव्हता. पिराजीला विचारले असते तर त्याने सांगितले असते. पण एवढ्या मोठ्या बिघाडाबद्दल गाढवाला काय विचारायचे? बगळेपंतांनी घाईघाईने काजवा त्याच्या पायाचा सोडून महाराजांच्या पायाला बांधला, कारण दुरुस्तीखात्याला बोलवायचे होते आणि खात्यासमोर काजवा जागच्या जागी दिसायला हवा होता. अशा रीतीने पहिला बिघाड आपोआप मिटला आणि दुसरा सुरू झाला. महाराजांची कातडी शेवटी गेंड्याची, आणि मधल्या काळात चिखलात बसून ती आणखी जाड झालेली. काजव्याला तिच्यातून काही ऐकू येईना. आपल्याला खांबाला बांधले आहे अशी त्याची समजूत झाली आणि तो मुकाट बसून राहिला.

दुरुस्तीखात्यात पोपट होते. त्यातला ज्येष्ठ पोपट आला, मान तिरकी करून म्हणाला, "आपली गैरसोय झाल्याबद्दल खेद आहे. काजवा एकदा विझवून पुन्हा पेटवला का?"

काजवा विझवून पुन्हा पेटवला. कमळे मिटलेलीच.

"साळुंकीला काजव्याच्या जवळ बसवलं का?"

साळुंकी महाराजांच्या शिंगावर येऊन बसली. बगळेपंतांना ते आवडले नाही.

"महाराजांची नाडी ऐकायची साळुंकीला परवानगी आहे का?"

महाराजांनी परवानगी दिली. तळ्याला वेगळी द्यावी लागते असे कळल्यावर तीही दिली. दुसऱ्या दिवशी साळुंकीने पुन्हा विचारले, तेव्हा महाराज चिडून म्हणाले, "अगं, माझं सगळं ऐक. माझं काही राहिलंय का लपवण्यासारखं?" बगळेपंत खोकले.

मग पोपटाने सांगितले की साळुंकीचे गाणे जुने झाले आहे, तिला नवे शिकवावे लागेल. शिकवण्यापूर्वी त्याने नव्या गाण्याच्या अटी म्हणून दाखवल्या. अटी लांबलचक होत्या. वर्तुळ उमलेल तेव्हा ते ज्याच्या नावाचे असेल त्याचा चेहराही पाण्यात दिसेल, अशी एक अट मधे कुठेतरी होती. बगळेपंतांचे त्या वेळी एका गोचिडीकडे लक्ष होते. "मान्य," ते म्हणाले, "मान्य, मान्य, पुढं चला." त्या राज्यात अटी सगळेच अशा ऐकत. साळुंकी नवे गाणे शिकायला बसली आणि तोवर कुणाचीच कमळे उमलली नाहीत. अर्धे राज्य आपण आजारी आहोत असे समजून अंथरुणाला खिळले.

पौर्णिमा जवळ येत होती. महाराजांना घास जाईना. एका पहाटे राणीसाहेब म्हणाल्या, "इतकं सगळं करून पाहिलंत. एकदा चालून का नाही बघत?"

महाराजांना हा उपाय विचित्र वाटला, पण दुसरा नव्हता. ते टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेले आणि धापा टाकत परतले. दुसऱ्या दिवशी थोडे पुढे गेले. राणीसाहेब सोबत असत, मुद्दाम हळू चालत, आणि महाराज थांबले की त्याही क्षितिजाकडे बघत. असे करता करता एका सकाळी ते वर पोहोचले. वाऱ्याने त्यांच्या अंगावरचा चिखल वाळून गळून पडला. त्या रात्री ते घोरले नाहीत. राणीसाहेब मात्र सवयीने जाग्या झाल्या, श्वास संथ चाललेला ऐकला आणि त्यांना रडू आले.

महाराज उड्या मारतच दरबारात आले. पायऱ्यांवर थांबलेसुद्धा नाहीत.

"मी टेकडी चढून आलो," ते म्हणाले.

दरबाराने तळ्याकडे पाहिले. मधली कमळे घट्ट मिटलेली होती. दरबाराने मग महाराजांकडे पाहिले, पण काकांकडे शेवटी शेवटी पाहत तसे.

"असेल, असेल," बगळेपंत हळूच म्हणाले. "पण महाराज, तळ्यात तसं काही दिसत नाही."

"अरे, माझे पाय दुखताहेत."

"विश्रांती घ्यावी."

महाराज खाली बसले. पाय चांगलेच ठणकत होते, तरी ते दाबून घ्यायचा त्यांना धीर झाला नाही. खरेच चढलो होतो का, असेही त्यांच्या मनात येऊन गेले. त्यांना फार एकटे वाटले.

पौर्णिमेच्या दिवशी पोपटाने शेवटचा उपाय काढला. काजव्याने, साळुंकीने आणि तळ्याने एकमेकांना साफ विसरायचे आणि नव्याने ओळख करून घ्यायची. मागचे सगळे पुसले जाईल, पण त्याला इलाज नाही. ओळखीच्या वेळी ज्याची नाडी पहिली ऐकू येईल त्याच्या नावाचे मधले वर्तुळ.

बगळेपंतांना काळजी पडली. महाराज टेकडी चढले यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि ऐन वेळी वर्तुळ मिटलेलेच राहिले तर गादी जाईल, आणि गादीबरोबर ती पाठही जाईल. त्यांनी आपल्या अकलेप्रमाणे बंदोबस्त केला. तळ्याच्या काठी महाराजांना उंच आसनावर बसवले, मागे पडदा लावला, आणि पडद्याआड पिराजीला उभे करून काजवा त्याच्या पायाला बांधला. "काही बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं," त्यांनी बजावले. पिराजीला आयुष्यात प्रथमच नुसते उभे राहायचे काम मिळाले होते. ते त्याला अवघड गेले, आणि त्याची छाती धडधडू लागली.

काजव्याला ती धडधड लगेच ऐकू आली. तो आनंदाने लखलखला. साळुंकीने नवे गाणे म्हटले. मधले वर्तुळ असे भडाभडा उमलले की काठावर पाणी उडाले. दरबाराने जयघोषासाठी तोंड उघडले, आणि त्याच वेळी वर्तुळाच्या मधोमध पाण्यात दोन लांब कान दिसू लागले. कानांखाली कपाळ आले, मग पिराजीचे भांबावलेले डोळे.

सगळे पाण्यातल्या चेहऱ्याकडे बघत होते, मग आसनावरच्या. ससा पुढे होता. त्याला ताप भरला होता तेव्हाचे शेजाऱ्यांचे शब्द आठवले, आणि त्याने आधी गुडघे टेकले. मग सगळ्यांनी टेकले. पडदा बाजूला झाला. बगळेपंत महाराजांच्या पाठीवरून उडाले, हवेत एक लहानशी गिरकी घेतली आणि पिराजीच्या पाठीवर जाऊन बसले. तिथे वाळू होती. त्यांनी ती पंखाने झटकली.

"म्हाराज मी न्हाई," पिराजी घाबरून म्हणाला. "त्ये तिकडं बसल्यात. मी वाळू आणाया जाऊ का?"

"तळं चुकत नाही," बगळेपंत म्हणाले. "आपण थकला आहात. बसा."

पिराजी बसला. खाली चिखल होता.

खड्गसेन आणि राणीसाहेब टेकडीच्या पायथ्याशी राहायला गेले. त्यांना कुणी त्रास दिला नाही. कुणी ओळखही दाखवली नाही, कारण तळ्यात आता त्यांच्या नावाचे एकही कमळ नव्हते. खड्गसेन काही दिवस रुसून होते. पण पहाट झाली की पाय आपोआप वर निघत, आणि टेकडीवर रुसवा टिकत नसे.

यथावकाश पिराजी महाराज राजवाड्याच्या पायऱ्यांवर मध्येच थांबून क्षितिजाकडे पाहू लागले. कमळे अर्धीच उमलू लागली. बगळेपंतांनी सगळ्या राज्यावरून नजर फिरवली. ती टेकडीवर एका ठिकाणी थांबली. दुसऱ्या दिवशी पंत काजवा चोचीत धरून खड्गसेनांकडे आले, झाले गेले विसरून जावे म्हणाले, आणि रोज ओंजळभर कोंडा देऊ केला. काजवा त्यांनी पायाला बांधलाच नाही. कानामागे अडकवला. तिथली कातडी मऊ असते आणि तिथून नाडी स्वच्छ ऐकू येते, हे इतकी वर्षे त्या पाठीवर बसल्यामुळे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होते.

"आधी का नाही बोललात?" खड्गसेनांनी विचारले.

"आपण तेव्हा चालत कुठं होता?" बगळेपंत म्हणाले, आणि उडून गेले.

साळुंकी जवळच्या झाडावर येऊन बसली. खड्गसेन कानामागे हिरवा उजेड घेऊन टेकडी चढले. वरून तळे दिसत होते. संध्याकाळ झाली, गाणे सुरू झाले, मधली कमळे एकेक करून उमलली आणि पाण्यात पिराजीचे लांब कान हलले.

"कसं वाटतंय?" राणीसाहेबांनी विचारले.

"पाय दुखताहेत," खड्गसेन म्हणाले.

खाली राजवाड्यात पिराजी महाराजांनी पूर्ण उमललेल्या वर्तुळाकडे एकवार पाहिले, चारी पाय लांब केले आणि सेवकाला हाक मारली.