नाक्यावरची मूठ

दोन राज्यांच्या मध्ये एक घाट होता आणि घाटमाथ्यावर जकातनाका. तिथे विसाजी नावाचा नाकेदार असे. सगळे त्याला तात्या म्हणत. गाडी आली की तात्या अडसर खाली टाकी आणि जकात म्हणून मालातली एक मूठ घेई. मूठ राजाच्या कोठारात टाकण्याआधी तो ती नाकाशी नेई. धणे हुंगून कुठे पाऊस बरा झाला ते ओळखी, गूळ हुंगून कुणाच्या गुऱ्हाळावर नवा गुळव्या आला ते सांगे. मग रांजणातलं पाणी होई, गप्पा होत आणि गाडी पुढे जाई.

पुढे दोन्ही राजांनी करार केला. इकडचा माल तिकडे, तिकडचा इकडे, जकात माफ. अडसर वर गेला तो कायमचा. आणि खरं सांगायचं तर राज्याचं भलंच झालं. गवताच्या छपरांवर कौलं चढली, बंद पडलेले माग चालू झाले. तात्यालाही राजाने घरबसल्या धान्य लावून दिलं. त्याला कशाची ददात नव्हती. फक्त आता कुणी थांबत नव्हतं. गाड्या घुंगरं वाजवत निघून जात. सवयीने तात्याचा हात पुढे होई आणि रिकामाच मिटे.

एका दुपारी त्याला राहवलं नाही. त्याने अडसर खाली टाकला. गाडीवानांना वाटलं, राजाचा हुकूम असेल. तात्या एकेका गाडीशी गेला, मूठ घेतली, हुंगली, घरची ख्यालीखुशाली विचारली. ऊन तापलंय हे त्या आनंदात त्याच्या ध्यानातच आलं नाही.

शेवटची गाडी सुंद्राबाईची होती, विड्याच्या पानांची. पूर्वी नाक्यावर खोळंबूनच पानं माना टाकत, म्हणून ती कधी घाट ओलांडत नसे. करारामुळे तिला पहिल्यांदा पलीकडचा बाजार दिसला होता. पानं ताजी पोचली नाहीत तर तिथला व्यापारी पुन्हा तिला दारात उभं करणार नव्हता. तात्याने पानांवर ओलं करून घातलेलं फडकं उचललं. ते केव्हाच सुकलं होतं आणि वरची पानं काळी पडली होती.

सुंद्राबाई रागावली नाही. म्हणाली, "तात्या, मूठ मागितली असतीत तर मी टोपली दिली असती. अडसर कशाला टाकलात?"

तात्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने घरातलं सगळं पाणी पानांवर शिंपडलं, गाडीबरोबर स्वतः घाट उतरला आणि व्यापाऱ्यासमोर हात जोडून म्हणाला, "बाईचा दोष नाही. उशीर माझ्यामुळे झाला." व्यापाऱ्याने खालची पानं ठेवून घेतली आणि तिला पुन्हा यायला सांगितलं.

परत आल्यावर तात्याने अडसर उतरवून चिरला आणि त्याची रांजणाखाली तिवई केली. पुष्कळ गाड्या तरीही तशाच निघून जात. तात्या त्यांच्या धुळीकडे बघत राही आणि त्याचा जीव तुटे. मग एक दिवस एक गाडी आपणहून थांबली. सुंद्राबाई उतरली, पाणी प्याली आणि तिने त्याच्या हातावर मूठभर पानं ठेवली. तात्याने ती नाकाशी नेली. मग त्याने तिला घरची ख्यालीखुशाली विचारली.

तात्पर्य: वाट मोकळी झाली की राज्य भरभराटतं, पण मोकळ्या वाटेवर माणूस थांबतो तो मायेने, अडवून नव्हे.