महिपतच्या ध्यानात राहिलेलं

मी आधीच सांगितलं होतं, महिपतला काही शिकवू नका, शिकवलं की तो पाळतो. कुणाला पटलं नाही. आमचे हे म्हणाले, "अनसूया, तू चौथी पास. तुला काय कळतंय त्यातलं?"

तर एका गावात एक भोळा चित्रकार होता. तोच हा, माझा धाकटा दीर. हात मात्र सोन्याचा. शाळेच्या भिंतीवरचा त्याचा मोर बघून कोंबड्या बिचकायच्या. पण एकदा तरी पुस्तकावर आपलं नाव छापून यावं, एवढाच त्याचा ध्यास. पुस्तकवाल्यांना आता चित्रं कॉम्प्युटरवरच लागतात. म्हणून कॉम्प्युटर आणला. पण चित्राचं सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं, ते कळेना.

कॉम्प्युटर क्लासचे कुंभार सर म्हणाले, "आधी तीस दिवस वापरून बघायचं. मगच हो म्हणायचं."

महिपत म्हणाला, "ध्यानात ठेवतो." आणि ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून प्रकाशनाच्या फाटकबाईंचा फोन. "हत्तीच्या गोष्टीला बारा चित्रं हवीत. पंधरा दिवसांत कराल का?"

"आधी तुम्हाला तीस दिवस वापरून बघतो."

बाई म्हणाल्या, "अहो, असं करू नये. कुणी विचारलं की लगेच हो म्हणावं. नाहीतर काम दुसऱ्याकडे जातं."

"ध्यानात ठेवतो." आणि ठेवलं.

बाईंना तिथंच हो म्हणाला. संध्याकाळी सॉफ्टवेअर शोधायला बसला. कॉम्प्युटर विचारतोय, हे घेऊ का? हा म्हणतोय हो. तेही घेऊ? हो. एकोणीस सॉफ्टवेअर आत गेली आणि कॉम्प्युटर गाभण म्हशीसारखा बसला तो उठेना.

सर धावत आले. "अरे, एवढी कशाला? त्यातलं चांगलं एक ठेव. बाकीची काढून टाक."

"ध्यानात ठेवतो."

इथं मात्र त्यानं बरोबर केलं. एक ठेवलं. चौदा दिवस मान वर केली नाही. बारा हत्ती असे काढले, की मीसुद्धा बघत उभी राहिले. मग त्यानं बाराही नीट निरखले, चांगला एक ठेवला आणि बाकीचे काढून टाकले.

आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. सरांनी कॉम्प्युटरच्या कचऱ्याच्या डब्यातून अकरा हत्ती परत ओढून काढले. म्हणाले, "आज पंधरावा दिवस. पाच वाजायच्या आत बाईंना पाठवा, म्हणजे झालं."

आता फक्त पाठवायचं राहिलं. मी म्हटलं, कुणाच्या भरवशावर नको, मीच समोर उभी राहून पाठवून घेते. पण गिरणीत दळण ठेवलं होतं, ते आणायचं होतं. जाताना बजावलं, "भावजी, मी येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही."

"ध्यानात ठेवतो, वहिनी."

गिरणीत ही रांग. आले तेव्हा सहा वाजून गेले होते. चुलीवर दूध उतू गेलेलं. मांजर भाकरी खात बसलेलं. फोन वाजून वाजून थकलेला. आणि महिपत दोन्ही हात काखेत घालून बसलेला. नाकावर माशी होती, तीसुद्धा हाकलली नव्हती.

फोन परत वाजला. मीच उचलला.

"काम दुसऱ्याला दिलं," फाटकबाई घरभर ऐकू जाईल असं ओरडल्या. "बारा वेळा फोन केला मी. उचलू नका म्हणून सांगितलं तरी कुणी?"

तोवर आमचे हे आले, सर आले, शेजारचे आले. सगळे महिपतकडे बघायला लागले. मीही बघत होते.

महिपतनं आधी मला विचारलं, "वहिनी, आता हात काढू?"

मग काखेतून हात काढला, माशी हाकलली, आणि फोनमध्ये ऐकू जाईल असं नाव सांगितलं.

"अनसूया."