बांधातलं तारू

कधीची गोष्ट म्हणाल, तर तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही, इतकी जुनी. समुद्राला लागून एक राज्य होतं. तिथल्या एका खाडीच्या दोन तीरांवर दोन महाल, म्हणजे दोन छोटे मुलूख, नांदत होते. उत्तरेला तारवमहाल, दक्षिणेला बांधमहाल.

तारवमहालाची माणसं जहाजं बांधायची, आणि अशी बांधायची की वादळानंही हात टेकावेत. बांधमहालाची माणसं खाडीला मातीचा बांध घालून खारं पाणी अडवायची आणि त्यामागच्या जमिनीत भात पिकवायची. समुद्राच्या तोंडातला घास काढून घेणारी माणसं ती! दोघांचीही मान ताठ. असायलाच हवी म्हणा. फक्त ती मान शेजाऱ्याकडे वळत नव्हती.

एकदा राजाने दवंडी पिटवली. एका खाडीवर दोन कचेऱ्या कशाला? दोहोंचा मिळून एकच महाल करू. पौर्णिमेला दोघांनी आपापली कीर्ती सांगावी. ज्याची थोर, त्याचं नाव राहील. दुसऱ्याचं पुसलं जाईल.

झालं! दोन्ही तीरांवरच्या माणसांना अन्न गोड लागेना. आपल्या मुलखाचं नाव पुसायचं, ही काय चेष्टा आहे?

तारवमहालाचा मुख्य सुतार होता धाकोजी. तीन वर्षं खपून त्याने सागाचं एक तारू बांधलं होतं. त्याची प्रत्येक फळी त्याने हात फिरवून पारखली होती. तो म्हणाला, "बोलायचं कशाला? हेच राजापुढे उभं करू. नाव आपलंच राहणार."

बांधमहालाचा पाटील होता हसाजी. त्याने राजाला थेट बांधावरच बसवायचं ठरवलं. मांडव घालायचा म्हणून त्याने बांधातच खड्डे खणून मेढी रोवल्या. गावातली सगुणाआजी ओरडली, "अरे हसाजी, अक्कल गहाण ठेवलीस काय? खेकड्याचं बीळ दिसलं तरी आपण बुजवतो, आणि तू बांधाला भोकं पाडतोस?"

"आजी, तू गप बस," हसाजी म्हणाला. "राजा येतोय, खेकडा नव्हे!"

पौर्णिमेच्या दुपारी राजा येऊन मांडवात बसला. समोर खाडीत धाकोजीचं तारू डौलात उभं होतं. मागे भात पोटरीला आलं होतं. हसाजीने घसा साफ केला, आणि तेवढ्यात उधाणाचं पाणी चढलं. पौर्णिमेचं उधाण ते, राजाला पाहून थांबतंय थोडंच? मेढींच्या खड्ड्यांतून आधी पाझर फुटला, मग माती ढासळली, आणि बघता बघता बांधाला हातभर रुंद खांड पडली. हातभराची दोन माणसं आडवी मावतील एवढी झाली. खारं पाणी शेतात घुसू लागलं.

राजाला लोकांनी उचलूनच बाजूला नेलं. हसाजी खांडीत टोपल्यांवर टोपल्या माती ओतत होता आणि पाणी ती गिळत होतं. "मेलो!" तो ओरडला. "खारं पाणी मुरलं तर तीन वर्षं गवताचं पातं उगवायचं नाही!"

तारवावर धाकोजीच्या माणसाने त्याच्या कानात म्हटलं, "धाकोजी, नाव आपलं झालं. देवच पावला."

"थू तुझ्या देवावर!" धाकोजी कडाडला. "तिकडे शेत बुडतंय आणि तू नावं मोजतोस? दोर सोड!"

त्याने आपलं तारू वळवलं आणि खांडीच्या तोंडाशी आडवं लावलं. मग लाकूड तासायचा आपला वाकस उचलला. ज्या तळाला तो तीन वर्षं जपत आला होता, त्याच तळावर त्याने घाव घातला. पहिल्या घावाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या घावाला फळी फुटली. पाणी भरून तारू खांडीत बसलं, पाण्याचा लोंढा अडला. "आता ओता माती!" तो गरजला. दोन्ही तीरांच्या बाया आणि बाप्ये चिखलाच्या टोपल्या हातोहात देऊ लागले. ओहोटी लागेपर्यंत तारू बांधात गाडलं गेलं आणि भात वाचलं.

सगळे चिखलाने माखले होते. राजाने विचारलं, "धाकोजी, तुझ्या महालाची कीर्ती सांग."

"काय सांगू, महाराज? दाखवायला आणलेलं तर त्या चिखलात गेलं."

तेव्हा हसाजी पुढे आला. त्याची मान खाली होती. "महाराज, ती मी सांगतो. माझ्या आज्याच्या वेळीही हा बांध असाच फुटला होता. तेव्हाही यांच्याच माणसांनी आपलं जहाज बुडवून तो सावरला. ते जहाज अजून या बांधाच्या पोटात आहे. आपला बांध मोठा दिसावा म्हणून आम्ही ही गोष्ट पोरांना सांगायची सोडून दिली. आज भोकंही मीच पाडली. नाव पुसायचं तर आमचं पुसा."

धाकोजी डोळे पुसत म्हणाला, "पुसू नका, महाराज. जहाजं बांधली आम्ही खरी, पण यांच्या तांदळावर. उपाशी हाताने वाकस चालत नाही."

राजा चिखलातून चालत दोघांच्या मधे येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "पुसायची ती माझी दवंडी पुसा. अशी दोन नावं माझ्या राज्यात आहेत, याचा अभिमान वाटतो मला." दोन्ही महाल आपापल्या नावाने राहिले. त्यानंतर दरवर्षी त्या पौर्णिमेला तारवमहालात बांधाची गोष्ट सांगत आणि बांधमहालात तारवाची. आणि सांगणारे असे काही रंगून सांगत की ऐकणाऱ्याला कळू नये, यांचा मुलूख नेमका कुठला!

तात्पर्य: शेजाऱ्याची थोरवी सांगताना ज्याचा ऊर भरून येतो, त्याचाच स्वतःच्या मातीचा अभिमान खरा.